ची

अठ्ठेचाळीस वर्षं पाट्या रंगवल्या.
शहापूर, खासबाग, वडगाव,
पार येळ्ळूरच्या वेशीपर्यंत माझंच वळण.
सगळ्यात जास्त वेळा कुठलं अक्षर काढलं विचाराल
तर ची.
नागोजीची गिरण. भातकांडे बंधूंची पेढी.
पोटफोडेंची सायकल दुरुस्ती.
एकटं ते कधी येत नाही,
मागं कुणीतरी लागतं, पुढं काहीतरी.

मग फ्लेक्स आला. मग उजवा खांदा गेला.
ब्रश छातीच्या वर जाईना.

अंगडी डॉक्टरीण म्हणाली, झोपा.
दुखत होता खांदा,
सुई टोचली नडगीत.
बाई, पत्ता चुकला, मी म्हटलं.
ती हसली. तिचं मराठी हेल काढत येतं,
चढावर सायकल ढकलत आणावी तसं.
"अंगातनं एक वाहतंय बघा काका,
चिनी लोक त्याला ची म्हणतेत."
कुणाची?
"कुणाचीच नाही. नुसती ची."

आता हे मला कसं पटावं?
षष्ठी आम्हाला छडीनं शिकवलेली.
या गावात तर जन्म गेला
कुणाचं, कुणाची, याच्यात.
मोर्चाचे फलक मी रंगवले,
उलट्या मोर्चाचेही. रंगाचे पैसे दोघांनी बुडवले.

"बळ्ळारी नाला बघितलाय?"
बघितलाय म्हणजे? मेव्हण्याचा बासमती
तीन पावसाळे त्यातच कुजला.
"पाणी तुंबतंय शिवारात,
अडलंय कुठं? अलारवाडच्या पुलाखाली.
मग जलपर्णी काढायची कुठनं?"
मी नडगीकडं बघितलं.
सुईच्या मुळाशी जड काहीतरी,
कळ नव्हे, मुंग्या नव्हेत,
आडात पोहरा भरला की दोर कळवतो
तसं.

फी नको म्हणाली, पाटी द्या.
वर कन्नड मोठं, खाली मराठी,
आणि कोपऱ्यात हे, असं म्हणून
वहीतलं एक अक्षर दाखवलं.
पत्रा भुईवर आडवा घातला,
हात वर जात नव्हता ना.
खाली एक फुली, फुलीच्या कुशीत चार कण.
"हा भात."
वर आडव्या रेघा, शेवटची गळासारखी वळून उचललेली.
"ही वाफ."
एवढंच?
"एवढंच."
म्हणजे हजारो वर्षं डोकं चालवून
शेवटी टोपावरचं झाकणच उघडलं म्हणायचं.

आमच्याकडं प्राण आहे. मोठा शब्द.
पण तो जाताना कळतो.
ही शिजताना कळते.

तिसऱ्या दिवशी पालिकेचा माणूस टेप घेऊन आला.
कन्नड मोजलं. साठ टक्के भरलं.
मराठी मोजलं, काठावर सुटलं.
मग टेपेचं टोक वाफेवर टेकवून थांबला.
इदु याव भाषे?
डॉक्टरीण आत, पेशंटच्या पाठीवर सुया मोजत.
मीच म्हटलं, अन्न.
त्यांच्यात शिजलेल्या भाताला अन्नच म्हणतात.
त्यानं माझ्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं,
जेवायची वेळ झाली होती,
वहीत लिहिलं: चित्र.
टेप सुर्रकन डबीत.

खांदा? कपाळापर्यंत येतो आता.
नमस्कार होतो, शिडी नाही.

रात्री शेवंतानं टोप उतरवला.
झाकण मी काढलं, चष्मा पांढरा झाला,
काही दिसेना, वास तेवढा आला.
वाफ आधी आमच्या कोनाड्याकडं वळली,
मग जाळीतनं होसमनींच्या पडवीत.
तिकडनं कोण तरी शिंकलं.

काय बघालायसा, झाकण ठेवा,
शेवंता म्हणाली, गार होईल.
ठेवतो म्हटलं.
बोट ओलं होतं, कट्ट्यावर सहज काढून बघितलं,
मागं कुणी नाही, पुढं काही नाही,
ची.
वाळायच्या आत तिनं फडकं मारलं.